ब्रेकबाई

मोटार शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला, समोर कुणी आडवं आलं, की शिकवणाऱ्याने तो दाबायचा आणि सगळ्यांचे जीव वाचवायचे. या बाईंनी उभी हयात त्या ब्रेकच्या शेजारी काढली. म्हणून त्या ब्रेकबाई. त्यांचं खरं नाव ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर ठळक अक्षरांत आहे, पण पाटी वाचतो कोण? गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा "ब्रेकबाई आल्या" म्हणत रस्त्याच्या कडेला सरकतात.

अंगाने भरलेल्या, केस चप्प बांधलेले, गालात कायम पेपरमिंटची गोळी. गाडीत बसलं की आधी क्षणभर डोळे मिटून हात जोडायचे, मग पट्टा बांधायचा. शिकायला आलेली माणसं विचारायची, "बाई, आम्ही चालवणार म्हणून का?"

"हो मग! मी चालवते तेव्हा देवाला एवढा त्रास देत नाही."

त्यांच्याकडे शिकलेली माणसं एक गोष्ट हमखास सांगतात. बाईंचा पाय ब्रेकच्या वर असतो, ब्रेकवर नसतो. "घाबरट मास्तर सारखा ब्रेक दाबतो," त्या म्हणायच्या. "मग शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला काही येतच नाही. तो जन्मभर दुसऱ्याच्या पायावर गाडी चालवतो."

घरी मात्र हे शहाणपण कामाला येत नसे. लेक गाडी चालवायला बसली आणि या शेजारी बसल्या की पाय आपोआप चटईत रुतायचा.

"आई, पाय!"

"मी कुठे काय केलं?"

"चटईला भोक पडेल एक दिवस."

मागे बसलेले त्यांचे यजमान खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "पडलंय. मागच्या आठवड्यातच चटई बदलली."

तर अशा या बाई आयांच्या केंद्रात कशा पोचल्या, त्याचीही गंमतच आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर एक केंद्र आहे. दारू, गोळ्या, असल्या व्यसनातून बाहेर पडू बघणाऱ्या आया तिथे औषधोपचाराला येतात. केंद्राच्या डॉक्टरीणबाई हुशार म्हणाल तर अशा की रोग्याच्या चालीवरून दुखणं सांगतील, पण गाडी मागे घ्यायची म्हटली की त्यांची बोबडी वळायची. एकदा बाईंकडे शिकत असताना ऐन चढावर त्यांची गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. डॉक्टरीणबाईंच्या तळहाताला घाम फुटला, त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "बाई, तुम्ही घ्या ना हो!"

बाई हात मांडीवर ठेवून बसलेल्या. "मी कशाला घेऊ? गाडी मागे जाणार नाही, तेवढं मी बघते. पुढे तुम्ही न्यायची. त्यांना वाजवू दे, हॉर्न त्यांचा आहे."

डॉक्टरीणबाईंनी नेली. दोनदा गचका बसला, पण नेली. पुढे लायसन मिळाल्यावर त्या पेढ्यांऐवजी एक काम घेऊन खाली आल्या.

"माझ्याकडे घरभेटीच्या बायका आहेत," त्या म्हणाल्या. "आई घरी गेली की आठवड्याला तिच्या घरी जायचं, ती कशी आहे, बाळ कसं आहे, औषध चालू आहे ना, हे बघायचं आणि तिला बळ द्यायचं. त्यांना आजार शिकवला, औषधं शिकवली, बोलायला शिकवलं. गप्प बसायला शिकवेल असं मला कुणी सापडत नाही."

"मला त्या औषधातलं ओ की ठो कळत नाही."

"ते मी शिकवते. तुम्ही तो चढ शिकवा."

बाईंनी काम घेतलं, पण आधी स्वतः शेवटच्या बाकावर बसून डॉक्टरीणबाईंचा सगळा वर्ग ऐकला. व्यसन हा आजार आहे, हौस नव्हे. तलफ लाटेसारखी येते आणि लाटेसारखी ओसरते, तेवढा वेळ कुणी सोबत असलं तर बाई तरून जाते. एखादी घसरली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. औषध एकदम तोडायचं नाही. लाजेने माणूस लपतं, आणि लपलं की आजार वाढतो. शेवटी डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर मोठ्ठं लिहिलं, की मुलाच्या जिवाला धोका दिसला तर विचार करत बसायचं नाही, ताबडतोब कळवायचं.

ते वाचून बाई मनाशी म्हणाल्या, हा आपला ब्रेक. बाकी सगळं स्टिअरिंग. आणि ते आईच्या हातात.

त्यांचा वर्ग म्हणजे दोन खुर्च्या, एक लोड आणि एक दार. लोड म्हणजे बाळ. एकीने आई व्हायचं, दुसरीने दार वाजवायचं. दार वाजवून दोन पावलं मागे सरकायचं, म्हणजे आतल्या बाईला आपण डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि तिच्या अंगावर येत नाही. ती सांगेल तिथे बसायचं. न सांगितलं तर विचारायचं. घरभर नजर फिरवायची नाही. पसारा असेल तर असेल, आपल्याला तिथे नांदायचं नाही. एक शिकाऊ बाई आत शिरताच नाकाने हवा ओढायच्या सवयीची होती.

"काय हुंगताय?" बाईंनी विचारलं.

"दारूचा वास येतो का ते बघत होते."

"वास यायचा असेल तर तो आपला आपण येईल, त्याला आणायला जाऊ नका. नाक खाली ठेवा."

वर्ग खो खो हसला. पण त्या बाईचं नाक त्या दिवसापासून जागेवर आलं.

सगळ्यात कडक नियम बाळाचा. आईने हातात दिल्याशिवाय बाळ घ्यायचं नाही. रडत असलं तरी नाही. या आयांपैकी कितीतरी जणींच्या कुशीतून मूल एकदा उचलून नेलेलं असतं, कुणी आजीने, कुणी आत्याने, कुणी सरकारी माणसाने. पुढे झालेला हात त्यांना हात दिसत नाही.

हा नियम म्हणायला सोपा आहे. ओट्यावर दूध वर येताना दिसतंय आणि गॅस दुसऱ्याच्या हातात आहे, असं उभं राहून बघावं कधी.

त्या वर्षीच्या तुकडीत एक सिस्टर होत्या. बाळंतपणाच्या वॉर्डात जन्म गेला, नुकत्याच निवृत्त झालेल्या. हात असे की रडतं मूल त्यांच्या खांद्यावर पडलं की बटण दाबल्यासारखं गप्प व्हायचं. जीभही तशीच चालायची. "एवढी वर्षं काढली मी वॉर्डात, मला काय शिकवणार हे लोड घेऊन," असं त्या पहिल्या दिवशी शेजारणीच्या कानात म्हणाल्या. ते बाईंनी ऐकलं आणि सोडून दिलं. मनाने सिस्टर चांगल्या होत्या. वर्गात कुणाला ठसका लागला तर पाणी घेऊन आधी त्याच उठायच्या.

त्यांना घर मिळालं शिलाईवालीचं.

शिलाईवाली म्हणजे एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहणारी तरुण मुलगी. कपडे आखूड-सैल करून द्यायची, चेन बदलून द्यायची. नवरा मालाच्या ट्रकवर, कायम बाहेर. पाठीच्या दुखण्यासाठी सुरू झालेल्या गोळ्या दुखणं गेलं तरी सुटल्या नाहीत, उलट वाढत गेल्या. मुलगी झाली तेव्हा हिला धड बसवत नव्हतं. तान्ही खालच्या मजल्यावर सासूबाईंनी सांभाळली. शिलाईवाली केंद्रात आली, औषधावर राहिली, उठून बसली, मशीन पुन्हा सुरू केली, आणि मग केंद्राने बाळ तिच्याकडे परत दिलं, पण अटीवर. घरभेटीला दार उघडं ठेवायचं. एकदा जरी दार बंद झालं तरी केंद्राच्या बैठकीपर्यंत बाळ खाली आजीकडे. आणि बैठकीत कायमचं ठरणार होतं, ठमी वर राहणार की खाली. ठमी म्हणजे ती तान्ही. गुटगुटीत होती म्हणून सासूबाईंनीच ठेवलेलं नाव.

सासूबाई काही दुष्ट नव्हत्या. नात पोटाशी धरून त्यांनी रात्री काढल्या होत्या. पण सुनेवरचा विश्वास उडाला तो उडाला. खाली त्यांच्या खोलीत ठमीचा पाळणा अजून लावलेलाच होता, चादर धुऊन घातलेली.

पहिल्या भेटीला सिस्टर आणि बाई बरोबर गेल्या. शिकाऊ घरभेटीला सुरुवातीला बाई सोबत जातात आणि कोपऱ्यात बसतात, गाडीत बसायच्या तशाच. सगळं छान चाललं होतं. सिस्टरांनी दार वाजवलं, दोन पावलं मागे सरकल्या, सांगितलं तिथे बसल्या. शिलाईवाली थोडी मोकळी झाली, तलफ कधी येते ते सांगू लागली. तेवढ्यात ठमीने सूर लावला. आईने खांद्यावर घेतलं, थोपटलं, उभी राहिली, बसली. ठमी काही ऐकेना. शिलाईवालीच्या कपाळावर घाम आला. डोळे एकदा सिस्टरांकडे, एकदा बाईंकडे. जणू परीक्षाच चालली होती.

आणि सिस्टरांचे हात पुढे झाले. "आण गं इकडे," म्हणाल्या, आणि आण म्हणेपर्यंत घेतलंसुद्धा. ठमी त्यांच्या खांद्यावर पडली, एक हुंदका दिला आणि गप्प. झोपलीच.

खालच्या रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. शिलाईवाली आपल्या रिकाम्या हातांकडे बघत उभी होती. मग तिने मूल परत घेतलं, अगदी हळू, आणि म्हणाली, "झालं ना तुमचं बघून? मला काम आहे."

जिन्यात सिस्टर म्हणाल्या, "काय झालं हो तिला? मूल तर शांत झालं की!"

"मूल झालं. आई नाही," बाई म्हणाल्या.

सिस्टर दोन पायऱ्या तशाच उतरल्या आणि मग मटकन तिथेच बसल्या. एवढी वर्षं ज्या हातांचं कौतुक झालं, त्या हातांकडे त्या बघत राहिल्या. "ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, मदत मागतेय."

"ती बघत होती की तुम्ही काय लिहून घेणार."

दोन दिवसांनी केंद्रात निरोप आला, शिलाईवालीचाच. पुढच्या भेटीला येऊ नका. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. बैठक तोंडावर आलेली.

"दुसरीला पाठवू या," त्या म्हणाल्या. "किंवा तुम्ही एकट्या जा."

"नको. चढावर गाडी बंद पडली तर त्याच चढावर पुन्हा चालू करायची. उतरून सपाटीवर गेलं की चढाची भीती आयुष्यभर राहते. सिस्टरांची पण आणि तिची पण."

"आणि दार नाही उघडलं तर? मला नियमाने मूल खाली द्यावं लागेल. माझी इच्छा असो नसो."

"ठाऊक आहे मला. नाही उघडलं तर तिथूनच फोन करीन तुम्हाला."

ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, दोघी जिना चढल्या. सिस्टरांनी दार वाजवलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

आतून आवाज आला, "मी सांगितलं होतं ना, येऊ नका म्हणून?"

"सांगितलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "तरी आले, कारण एक सांगायचं राहिलं. मागच्या वेळी मी तुझी मुलगी न विचारता घेतली. चुकले मी. मला वाटलं मी मदत करतेय. मदत नव्हती ती."

तेवढ्यात आत ठमीने तोंड उघडलं. आधी कुरकुर, मग रड, मग अशी आरोळी की जिन्याच्या भिंती घुमल्या. खालच्या मजल्याचं दार धाडकन उघडलं. सासूबाई जिना चढून वर आल्या, ओल्या हातानेच.

"अहो, पोर किती रडतेय! आणि तुम्ही दोघी इथे पुतळ्यासारख्या उभ्या?" त्या बाईंना म्हणाल्या. "हिने पुन्हा घेतलं असणार काहीतरी. मी म्हटलंच होतं. लावा फोन. लावा म्हणते ना!"

बाईंनी पिशवीतून फोन काढला. अंगठा डॉक्टरीणबाईंच्या नंबरावर होता. इतक्या वर्षांत किती तरी नवशिक्यांच्या शेजारी त्या बसल्या होत्या, पण असा घाम कधी फुटला नव्हता. काच असली तर पलीकडचं दिसतं. इथे लाकडाचं बंद दार. आत ती पोर शुद्धीवर आहे की नाही? नसली तर एकेक क्षण मोलाचा. असली, आणि फोन केला, तर तिच्या हातून मूल गेलं, कदाचित कायमचं, आणि तेही ती नीट उभी असताना. देवा, मला दाराआडचं दिसत नाही, तूच कान दे, एवढंच त्या मनात म्हणाल्या.

आणि कान सापडले. शेजारीच होते.

"सिस्टर," बाई हळूच म्हणाल्या, "हे रडणं कसलं आहे?"

सिस्टरांनी डोळे मिटले. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवलेले होते. "दुखण्याचं नाही. भुकेचंही नाही, भुकेचं असं तुटक येतं. ही झोपेने वैतागलीय. झोप हवीय आणि येत नाहीये." मग त्या थोड्या पुढे वाकल्या. "आणि आईची पावलं ऐका. सरळ पडतायत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एका लयीत. गोळी घेतलेलं माणूस असं चालत नाही."

"तुम्ही काय दारातून तपासणी करता?" सासूबाई भडकल्या. "बाजूला व्हा, मी बघते!" आणि त्यांनी दार ढकलायला हात पुढे केला.

बाईंनी तो हात धरला. ओढला नाही, झटकला नाही, नुसता धरून ठेवला. "आई," त्या म्हणाल्या. सासूबाई वयाने मोठ्या होत्या. "तुम्ही या मुलीसाठी जे केलंत ते कुणी केलं नसतं. अजून थोडंसं करा. थांबा."

"माझी नात आहे ती!"

"तिची लेक आहे."

बाईंनी दाराशी तोंड नेलं. "बाळा, आम्ही आत येत नाही. तू नुसतं बोल. बरी आहेस ना?"

"बरी आहे!" आतून आलं. आवाज रागाचा होता, पण खणखणीत. "मला जमतंय! दोन मिनिटं द्या ना कुणीतरी!"

"दिली," बाई म्हणाल्या. "घे हवा तितका वेळ." आणि फोन पुन्हा पिशवीत टाकला. पिशवीची चेन मात्र उघडीच ठेवली.

जिन्यात तिघी उभ्या. आत ठमीचा टिपेचा सूर. सिस्टरांचे हात पाठीमागे शिवशिवत होते, बोटं पांढरी पडली होती. "अशी उभी मी आयुष्यात राहिले नाही," त्या पुटपुटल्या. सासूबाईंचा हात अजून बाईंच्या हातात होता.

मग आतून एक वेगळाच आवाज आला. खडखड, खडखड, खडखड. आधी अडखळत, मग लयीत.

"काय करतेय ही?" सासूबाई म्हणाल्या. "मूल रडतंय आणि ही मशीन चालवतेय?"

बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. मशीनचा पायटा चालू होता. एका ठेक्यात, थांबत नव्हता, घाईही करत नव्हता. आणि त्या खडखडाटाखाली ठमीचं रडणं वितळायला लागलं. आरोळीची रड झाली, रडीची कुरकुर झाली, कुरकुरीचा एक लांब सुस्कारा.

सिस्टरांचे डोळे विस्फारले. "पोटात असताना हेच ऐकत होती ती," त्या कुजबुजल्या. मग एकदम त्यांचा चेहरा पडला. "अहो, पण सुई!"

आतून हसल्यासारखा आवाज आला. जिन्यातली कुजबुज तिला सगळी ऐकू येत होती तर. "सुई हलत नाही. बॉबिन भरताना करतात तसा चाकाचा स्क्रू सैल केलाय. नुसतं चाक फिरतंय. आणि सुई काढूनच ठेवलीये वर, डब्यात." थोडं थांबून ती म्हणाली, "मला उठता येत नाहीये, मांडीवर आहे ही. दार लोटा. कडी लावलेली नाहीये."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"कडी नव्हती?" सासूबाई म्हणाल्या.

"नव्हतीच. मघापासून नव्हती." पायटा चालूच होता. "बघत होते, ढकलता का."

सासूबाईंनी आपला पुढे केलेला हात बाईंच्या हातातून हळूच काढून घेतला आणि कपड्याला पुसला. तो कधीच वाळला होता.

बाईंनी दार बोटाने लोटलं. खोलीत कपड्यांचा ढीग, खुर्चीवर अर्धवट उसवलेली पँट, जमिनीवर दोऱ्याची रिळं. यातलं कुणी काही पाहिलं नाही. मशीनपाशी शिलाईवाली बसलेली, केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले पण लख्ख जागे. मांडीवर दुपट्यात ठमी, तोंड उघडं टाकून गाढ. आईचे पाय पायट्यावर खालीवर होत होते आणि त्यासोबत मांडी हलत होती, आणि मांडीसोबत ती गुटगुटीत पोर.

"कुठे बसू?" सिस्टरांनी विचारलं.

"त्या स्टुलावर."

सिस्टर बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले, शाळेतल्या मुलीसारखे. शिलाईवालीला हसू आलं. "एवढं पण नको हो."

"नको कसं. यांचा भरवसा नाही अजून," सिस्टर म्हणाल्या. "तुला हे मशीनचं कसं सुचलं?"

"सुचलं कुठलं? परवा बॉबिन भरत होते. ही बाजूला रडत होती. गप्प झाली. मला वाटलं, काही झालं की काय हिला. पायटा थांबवला तर पुन्हा सुरू." तिने मान खाली घातली. "कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, लोक म्हणतील, मूल घ्यायचं सोडून मशीन चालवते."

दारात सासूबाई उभ्या होत्या. हेच मघाशी त्या म्हणाल्या होत्या. त्या नातीच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिल्या.

शिलाईवालीने पाय थांबवले. ठमी हलली नाही. मग ती म्हणाली, "ती पँट आज द्यायचीय. स्क्रू आवळायला हवा." तिने इकडेतिकडे पाहिलं. कॉट भिंतीशी होती, तिथे ठेवता आलं असतं. बाईंना ते दिसलं, शिलाईवालीलाही दिसलं. पण ती उठली आणि स्टुलाशी आली.

"जरा धरता?"

सिस्टरांनी हात मांडीखालून काढले. पुढे केले नाहीत, तसेच उघडे ठेवले. शिलाईवालीने दुपट्यासकट लेक त्या हातांवर ठेवली.

"डोकं सांभाळून हं."

निम्म्या शहराची डोकी ज्या हातांनी पहिल्यांदा सांभाळली होती, ते हात जरासे हलले. सिस्टर म्हणाल्या, "असं?"

"थोडं वर. हां, असं."

ब्रेकबाईंनी गालातली पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात नेली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांना गालातल्या गालात हसायचं होतं आणि गालात जागा नव्हती.

शिलाईवालीने स्क्रू आवळला, सुई बसवली, पँटचा एक पाय मशीनखाली घातला. तेवढ्यात दारातून आवाज आला. कधी नव्हे इतका हळू.

"मी आत येऊ का गं?"

शिलाईवालीने वळून पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून सासूबाई या खोलीत कधी विचारून आल्या नव्हत्या. "या ना आई," ती म्हणाली. "कॉटवर बसा. कपडे सरकवा तिकडे."

बैठकीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना विचारलं. शिलाईवाली म्हणाली, औषध चालू आहे, तलफ येते, आली की सिस्टरांना फोन करते. सिस्टर म्हणाल्या, आईला बाळाचं रडणं आता माझ्याइतकं कळतं. सासूबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी घसा खाकरला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "तो पाळणा जड आहे हो. खालून वर न्यायला माणूस मिळेल का?"

माणूस मिळाला. ब्रेकबाईंचे यजमानच गेले आणि जिन्याच्या वळणावर पाळणा अडकवून बसले. वरून बाई सूचना देत होत्या, खालून लेक. शेवटी ते वैतागून म्हणाले, "तुम्ही दोघी गप्प बसता का जरा? मला जमतंय!"

बाई तत्काळ गप्प झाल्या. पाय मात्र पायरीवर घट्ट रुतलेला होता.